दादाची शिट्टी आणि स्प्रिंगफील्डची शाळा

नातू सातवीत आहे. गेल्या महिन्यात शाळेतून प्रोजेक्ट मिळालं, ‘कोणत्याही एका खेळाचा इतिहास’. स्वारी बास्केटबॉलच्या क्लासला जाते, त्यामुळे खेळ आधीच ठरलेला. माझ्यासमोर वही टाकून म्हणाला, "आजी, तू हिस्ट्रीची टीचर होतीस ना? मग सांग."

आता आली का पंचाईत! तेहतीस वर्षं इतिहास शिकवला. पुरंदरचा तह, सालबाईचा तह, साष्टी कोणी कधी घेतली, झोपेतून उठवून विचारा. पण खेळाचा इतिहास? तो आमच्या पुस्तकात नव्हता. आणि खरं सांगायचं तर खेळाचे तास मीच खाल्ले. मार्च जवळ आला की पीटीच्या सरांना हक्काने सांगायचं, "सर, आजचा तास मला द्या हं, पोर्शन राहिलाय." तेही बिचारे देऊन टाकायचे. मुलं माझ्याकडे कशी बघायची ते आजही आठवतं.

तर मग बसले वाचायला. सुनेने कॉम्प्युटर लावून दिला. प्रोजेक्टला एक पान पुरलं असतं, मी तीन आठवडे वाचत बसले. त्याचं कारण खेळ नाही. कारण आमचा दादा. नातेवाईक मंडळींना दादा माहीत आहेच, बाकीच्यांसाठी पुढे सांगते.

बास्केटबॉल १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी जन्मला, एवढं कुठेही सापडतं. मला गंमत वाटली ती ज्या शाळेत जन्मला तिची. ती खेळाची शाळा नव्हतीच मुळी! १८८५ साली डेव्हिड अ‍ॅलन रीड नावाच्या एका पाद्र्याने ती काढली आणि तिचं नाव होतं ‘स्कूल फॉर ख्रिश्चन वर्कर्स’. म्हणजे ख्रिस्ती कार्यकर्ते तयार करायची शाळा. पाद्री तयार करायच्या शाळा वेगळ्या होत्या, पुष्कळ होत्या. ही होती चर्चच्या बाहेर, गावात, तरुण पोरांमध्ये काम करणाऱ्यांसाठी. रविवारच्या शाळांचे शिक्षक, चर्चची कामं करणारी साधी माणसं, आणि वायएमसीएचे सेक्रेटरी.

सेक्रेटरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी येतो, पाण्याच्या टाकीवरून भांडणारा. हा तो नव्हे. वायएमसीए म्हणजे ‘यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन’ ही संस्था १८४४ साली लंडनमध्ये सुरू झाली. जॉर्ज विल्यम्स नावाचा कापडाच्या पेढीवर काम करणारा बावीस वर्षांचा पोरगा, त्याने आपल्यासारख्याच अकरा जणांना गोळा केलं. खेड्यातून शहरात आलेली ही पोरं दुकानातच राबायची, दुकानाच्या वरच झोपायची. संध्याकाळी करायचं काय? एक तर गुत्ता, नाही तर त्याहून वाईट. म्हणून बायबल वाचायला, प्रार्थनेला एकत्र बसू लागली. पुढे त्याला वाचनालय जोडलं गेलं, व्याख्यानं आली, राहायच्या खोल्या आल्या, अमेरिकेत तर व्यायामशाळासुद्धा आली. हे सगळं चालवायला गावोगावी पूर्ण वेळचा माणूस लागू लागला, तो सेक्रेटरी. त्याने पोरांच्या प्रार्थना घ्यायच्या, जमाखर्च लिहायचा, नोकरी शोधून द्यायची, आजारी पडलं तर बघायचं, आणि कोणी बिघडत असेल तर त्याच्या ते लक्षात यायला हवं. असा माणूस शिकवून तयार करता येतो का? स्प्रिंगफील्डच्या शाळेचा हाच प्रयोग होता.

१८८७ साली तिथे ल्यूथर गुलिक नावाचा तरुण आला. घराणं मिशनऱ्यांचं, जन्म होनोलुलूचा, पुढे डॉक्टर झाला. त्याचं म्हणणं होतं की माणूस नुसता आत्मा नाही. शरीर, बुद्धी आणि आत्मा अशा तीन बाजूंचा त्रिकोण आहे, एक बाजू लुळी पडली तर त्रिकोणच राहत नाही. वायएमसीएच्या पाटीवरचा तो लाल त्रिकोण ह्याचाच. तेव्हापासून तिथे बायबलच्या बरोबरीने शरीरशास्त्र आणि व्यायाम शिकवू लागले. आपल्याला ह्यात विशेष वाटत नाही. तालमीत मारुती असतोच, नमस्कार घालताना नाव सूर्याचंच असतं. पण त्यांच्याकडच्या सोवळ्या मंडळींना खेळ म्हणजे सैतानाचं काम वाटे. चर्चच्या माणसाने चेंडूमागे धावायचं म्हणजे फारच झालं!

आणि हे ज्याला सगळ्यात जास्त भोगावं लागलं तोच बास्केटबॉलचा जनक, जेम्स नेस्मिथ. कॅनडातल्या आल्मोंट गावाजवळचा. नऊ वर्षांचा असताना आईबाप दोघेही विषमज्वराने गेले. मामांनी तिन्ही भावंडांना वाढवलं, त्यातला भाऊही पुढे तरुणपणी गेला. राहिले जेम्स आणि बहीण अ‍ॅनी. घरातल्यांची एकच इच्छा, जेम्सने पाद्री व्हावं. तो माँट्रियलला गेला, धर्मशास्त्राचं शिक्षण पुरं केलं. पण शिकताना रग्बी फुटबॉल खेळायचा. त्याच्या आत्म्याच्या उद्धारासाठी बरोबरीचे काही विद्यार्थी खोलीत जमून प्रार्थना करत, हे त्याला नंतर कळलं. एकदा तर मारामारीच्या सामन्यानंतर काळेनिळे डोळे घेऊन प्रवचनाला उभा राहिला होता म्हणे.

एका सामन्यात त्याच्या शेजारी खेळणाऱ्या गड्याचा तोल सुटला आणि त्याने शिव्यांची लाखोली वाहिली. मग एकदम नेस्मिथकडे वळून म्हणाला की माफ कर, तू इथे आहेस हे विसरलोच. नेस्मिथने त्याला शिव्यांबद्दल कधी चकार शब्द सुनावलेला नव्हता. तो विचारात पडला. आपण नुसते तिथे असण्याने जर हे होत असेल, तर प्रवचनाच्या चौथऱ्यावरच कशाला उभं राहायचं?

हे वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला.

दादा गेला २०११ साली. त्याच्या दहाव्याला नदीवर पन्नाशीचे सातआठ पुरुष आले होते, आमच्यापैकी कोणीच त्यांना ओळखत नव्हतं. दोघे पोलीस खात्यातले, एक एसटीत, एकाचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. सगळे दादाचे व्हॉलीबॉलवाले. त्यातला गॅरेजवाला मला म्हणाला, "ताई, आमच्या वस्तीत शिवीशिवाय वाक्य नसायचं. पण सर ग्राऊंडवर आले की तोंडातनं निघायचीच नाही. सर कधी बोलले न्हाईत हो त्यावरनं." मी तेव्हा नुसती मान हलवली होती.

नेस्मिथ मग माँट्रियलच्या वायएमसीएच्या सेक्रेटरीकडे गेला. त्याने स्प्रिंगफील्डचं नाव सांगितलं. १८९० मध्ये तो तिथे विद्यार्थी म्हणून आला आणि वर्षभरात शिक्षकही झाला. १८९१ च्या हिवाळ्यात गुलिकने त्याच्या गळ्यात एक वर्ग मारला. अठरा जणांचा, सगळे उद्याचे सेक्रेटरी. बाप्ये माणसं, मिशा असलेली! बाहेर बर्फ, आत तीच ती कवायत, एक दोन तीन चार. वैतागलेले होते. आधीच्या दोन शिक्षकांनी हात टेकले होते. हा वर्ग कसा असेल ते मी डोळे मिटून सांगू शकते, मला एकदा ‘नववी ड’ दिली होती.

गुलिकने चौदा दिवस दिले. नेस्मिथने मैदानी खेळच आत खेळवून पाहिले. कुणाचं डोकं फुटायचं, काचा फुटायच्या. शेवटी त्याने इतिहासाचा मास्तर करतो तसं केलं, कारणं शोधली. मारामारी कशाने होते? चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडावं लागतं म्हणून. मग चेंडू घेऊन पळायचंच नाही. जोर कशाने लावतात? गोल समोर असतो म्हणून. मग गोल डोक्याच्या वर आडवा ठेवायचा, म्हणजे चेंडू हलक्या हाताने वरून टाकावा लागेल. शिपायाकडे खोकी मागितली, त्याने पीचच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या गॅलरीच्या कठड्याला दहा फुटांवर ठोकल्या. तेरा नियम टाइप करून फळ्यावर लावले. नऊ विरुद्ध नऊ. पहिल्या सामन्यात सबंध वेळात एकच गोल झाला.

हा नियमांचा कागद नीट वाचला तर त्यात त्या शाळेची सगळी शिकवण दिसते. खांदा मारायचा नाही, धरायचं नाही, ढकलायचं नाही. रागावर ताबा हा धडा त्यांनी प्रवचनात न सांगता खेळातच शिवून टाकला. आणि ज्यांना तो शिकवला ते अठरा जण पुढे आपापल्या गावी शेकडो पोरांचे सेक्रेटरी होणार होते. म्हणून तर खेळ वणव्यासारखा पसरला. त्या वर्गात एक जपानी विद्यार्थीही होता. त्याच शाळेत शिकलेल्या विल्यम मॉर्गनने १८९५ मध्ये जवळच्या होलिओक गावच्या वायएमसीएत मध्यमवयीन व्यापाऱ्यांना झेपेल असा दुसरा खेळ काढला. त्याला आधी ‘मिंटोनेट’ असं काहीतरी नाव होतं, मग झालं व्हॉलीबॉल. म्हणजे दादाचा व्हॉलीबॉलही तिथलाच!

आता दादाबद्दल. १९६५ साली जुनी अकरावी होऊन दादा तालुक्याच्या कचेरीत कारकून लागला. सरकारी नोकरी! अण्णांनी गावाला पेढे वाटले. मी तेरा वर्षांची, आणि घरात ठरलेलं होतं की दादाच्या पगारावर मी कॉलेजला जाणार. आमच्या आळीत कॉलेजला गेलेली मुलगी तेव्हा नव्हती. दोन वर्षांत दादाने राजीनामा दिला आणि कांदिवलीला शारीरिक शिक्षणाच्या कोर्सला गेला. कांदिवलीची ती शाळा मुंबई सरकारने १९३८ मध्ये काढलेली, शाळांना व्यायामशिक्षक पुरवण्यासाठी. एका बाजूला मल्लखांब, लेझीम, हुतूतू, दुसऱ्या बाजूला व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, असं दादा सांगायचा. अण्णा वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत. "ड्रिल मास्तर होणार! पोरं उन्हात उभी करायला शिकायला जातोय," एवढंच आईला म्हणाले.

१९६८ ला मी अकरावी झाले, आणि घरात पैसे नव्हते. दोन वर्षं घरी बसले. शिवण शिकले, पापड लाटले, दोन स्थळं येऊन गेली. १९७० साली कॉलेजला गेले, ती फी दादानेच भरली. तोवर त्याला शाळेत नोकरी लागली होती. दर महिन्याला मनीऑर्डर यायची. मी पावतीवर सही करायचे आणि पत्र आईला लिहायचे. एका दिवाळीत मी सगळ्यांसमोर बोलून गेले, "तुझ्या शिट्टीपायी माझी दोन वर्षं गेली." दादा हसला आणि नेट बांधायला निघून गेला. वहिनी मात्र त्यानंतर माझ्याशी जरा बेतानेच बोलायची.

ह्या जखमेवर बोट ठेवलं ते त्या अ‍ॅनीने. नेस्मिथने आपल्या आठवणींचं पुस्तक लिहिलंय. त्यात तो सांगतो की पाद्रीपण सोडून खेळाच्या नादी लागल्याबद्दल बहिणीने मला माफ केलं का, असं मी पुष्कळ वर्षांनी तिला विचारलं. तोवर तो जगप्रसिद्ध झालेला. डॉक्टरकीची पदवी घेतली होती, कॅन्सस विद्यापीठात शिकवत होता, पहिल्या महायुद्धात वायएमसीएतर्फे फ्रान्सला सैनिकांत काम करून आला होता. रीतसर धर्मगुरूची दीक्षाही त्याने घेतली होती. पण बहिणीने गंभीरपणे मान हलवली, नाही म्हणाली. नांगराला हात घालून तू मागे वळलास, असं बायबलमधल्या दाखल्याने तिने त्याला ऐकवलं.

दादानेही मला विचारलं होतं. शेवटच्या आजारात. दुपारची वेळ, वहिनी औषधं आणायला गेलेली. म्हणाला, "अजून राग आहे का गं?" मी मोसंबं सोलत होते. म्हटलं, "आता कशाला ते," आणि बिया काढत बसले. ‘नाही’ म्हणायला काय झालं होतं मला?

असो. इतिहासाच्या बाईने इतिहासाकडे यावं हे बरं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं खरं, पण मूळ हेतू धर्मप्रसाराचाच ना? होय, हेतू त्यांनी लपवला नव्हता. १८५५ साली पॅरिसला जगभरच्या वायएमसीए जमल्या तेव्हा त्यांनी आपलं ध्येय लिहूनच ठेवलं, की येशूला मानणाऱ्या तरुणांना एकत्र आणून त्याचं राज्य वाढवायचं. आमच्या भागात मिशन म्हणजे मिरजेचा दवाखाना. डॉ. वानलेसनी १८९४ मध्ये सुरू केला. माझ्या आजीचे डोळे तिथेच झाले आणि ती मरेपर्यंत पंढरीची वारी करत होती. लोक आपल्याला हवं ते उचलतात, देणाऱ्याच्या मनात काही का असेना.

कलकत्त्याला वायएमसीए १८५७ सालीच निघाली होती. १९१६ मध्ये के. टी. पॉल हे तिचे देशातले पहिले भारतीय राष्ट्रीय सरचिटणीस झाले. पॉल गोलमेज परिषदेलाही गेले होते, हे आमच्या पाठ्यपुस्तकात असायला हरकत नव्हती. कार्यकर्त्याने शहरातल्या इमारतीत न बसता खेड्यात जावं हा त्यांचा आग्रह. त्यातून पुढे त्रावणकोरात मार्तंडम् इथे खेडुतांना मधमाश्या पाळायला, कोंबड्या पाळायला शिकवणारं केंद्र उभं राहिलं. आपली खादी नि ग्रामोद्योगवाली मंडळी हेच काम वेगळ्या नावाने करत होती.

खेळाच्या बाजूला आला हॅरी क्रो बक. हाही स्प्रिंगफील्डचाच. १९१९ मध्ये तो भारतात आला आणि १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाची शाळा काढली. मद्रासचं ते वायएमसीए कॉलेज अजून चालू आहे. तोवर शाळेतला ड्रिल मास्तर म्हणजे बहुधा पलटणीतून निवृत्त झालेला हवालदार. आरडाओरडा करायचा आणि छडी हाणायची, एवढंच त्याचं शास्त्र. बकने ह्या माणसाच्या हाती शरीरशास्त्राचं पुस्तक दिलं आणि त्याला ‘शिक्षक’ म्हटलं. माझ्या मते आपल्या देशातलं त्याचं सर्वांत मोठं काम हेच. त्याच सुमारास पुण्यात दोराबजी टाटांनी पुढाकार घेऊन १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारताचे खेळाडू पाठवले. त्यात बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. पुढे १९२४ ला पॅरिसला जो संघ गेला त्याचे व्यवस्थापक बकच होते. १९४३ मध्ये बक वारले.

म्हणून सगळं श्रेय गोऱ्या साहेबांना देऊ नका हं. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं, तेही व्यायामशिक्षक तयार करत होते. आणि योग कसा पाहा. १९३६ ला बर्लिन ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा अधिकृत खेळ म्हणून खेळला गेला, तेव्हा पंचाहत्तरीला आलेला नेस्मिथ तिथे मुद्दाम गेला होता. आणि त्याच बर्लिनला अमरावतीचं पथक आपले देशी खेळ दाखवायला गेलं होतं. दादाच्या कांदिवलीच्या कोर्समध्ये मल्लखांब आणि व्हॉलीबॉल शेजारी शेजारी होते, तसेच हेही.

दादाने बायबल उघडलं नव्हतं कधी. स्प्रिंगफील्डचं नावही त्याला ठाऊक असेल असं वाटत नाही. पण संध्याकाळी खेळ झाला की पोरांना शाळेच्या ओट्यावर तासभर अभ्यासाला बसवायचा. एका वहीत प्रत्येकाचं वजन, उंची लिहायचा, वजन घटलं की त्या पोराच्या घरी जाऊन चुलीवर काय शिजतंय ते बघायचा. जिल्ह्याच्या सामन्यांना नेताना भाकऱ्यांचं गाठोडं आमच्या घरून जायचं, आणि मला पीठ मळावं लागायचं म्हणून मी कुरकुरायचे. सेक्रेटरीचं काम आणखी वेगळं काय असतं?

नातवाचं प्रोजेक्ट झालं. टोपलीचं चित्र मी काढून दिलं. अ‍ॅनीची गोष्ट घाल म्हटलं तर म्हणाला, "आजी, ती गेममध्ये कुठे आहे?" त्याचंही बरोबर आहे. बी प्लस मिळाला.

आता भाच्यापुतण्यांनो, एक काम. दादाच्या कांदिवलीच्या बॅचचा एक मोठा ग्रुप फोटो होता, पुठ्ठ्यावर चिकटवलेला. जुनं घर विकलं तेव्हा तो कोणीतरी नेला, माझ्याकडे नाही. मागच्या रांगेत डावीकडून तिसरा दादा आहे, गळ्यात शिट्टी. कोणाच्या माळ्यावर, ट्रंकेत असेल तर शोधा आणि मला पाठवा. शिट्टी वहिनीकडे आहे, तिला मी कालच फोन केला.